सहापासून पुढे

आधी विचारते : टाकी किती लिटरची?
मग : आत आत्ता कोण कोण राहतं?
लोक वैतागतात. मासा घ्यायला आलोय,
जनगणनेला नाही, म्हणाला होता एक टायवाला.
त्याला एंजलफिश हवा होता, निऑनच्या सोबतीला.
दिला नाही. दार आपटून गेला,
समोरच्या ट्राममध्ये चढेपर्यंत
ओठ हलत होते त्याचे.

ऑस्ट्रावात चौतीस वर्षं झाली या दुकानाला,
चार पायऱ्या उतरून, तळघरात.
नियम फार नाहीत.
तोंडात मावतं ते अन्न, न मावतो तो शेजारी.
लांब शेपटीवाल्याजवळ कुरतडणारा ठेवू नये.
तळाशी राहणाऱ्याचं वरच्याशी सहसा वाजत नाही,
गाठच पडत नाही त्यांची.
गप्पीला जड पाणी मानवतं, निऑनला हलकं,
आणि दोघांची मर्जी राखणारं मधलं पाणी
बहुतेक वेळा दोघांनाही नकोसं असतं.
टायगर बार्ब चार असले तर गुंड,
दहा असले की आपापसात भांडून दमतात,
बाकीच्यांना विसरतात.
हे मला कुणी शिकवलं नाही. मेलेल्यांनी शिकवलं.

नोव्हेंबरात ओल्द्रिख वाव्रेच्का आला,
टोपीवरचा बर्फ दारातच झटकून.
पूर्वी कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली,
थोडी अजून त्याच्या फुप्फुसात चालू आहे.
म्हणाला, एक निऑन उरलाय. दहातला.
दिवसभर फिल्टरच्या मागे उभा असतो.
त्याला जोडीदार द्या. एक.

एकानं भागत नाही, मी म्हटलं,
निऑनची मोजणी सहापासून पुढे.

ठाऊक आहे, म्हणाला.
खाली आम्हीही कधी एकटे उतरलो नाही.
मग बोटांवर काहीतरी मोजलं,
डाव्या हाताला साडेतीनच, म्हणून उजव्यावर.
पाच वर्षं जगतात ना हे?
नीट ठेवले तर.
मी एक्याऐंशीचा आहे, बाई.
सहा नेले, तर शेवटी कुणी कुणाकडे बघत बसायचं?

माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं.
वहीत तापमान असतं, आम्लता असते,
कोण कोणाला चावतं ते असतं.

मग मीच म्हटलं : उलट करू.
तुमचाच इकडे आणा. माझ्याकडे बावीस आहेत.

दुसऱ्या दिवशी मासा थर्मासमधून आला,
थर्मास मफलरमध्ये, मफलर कोटाच्या आत.
पाऊण तास थेंब थेंब पाणी मिसळलं.
नव्याला तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं, तसं ठेवलं.
म्हातारा रोज येऊन बसे,
काचेच्या अलीकडे एक, पलीकडे एक.
मग सोडला.
क्षणभर कडेला थांबला,
पहिल्या दिवशी नवा माणूस कॅन्टीनच्या दारात थांबतो तसा.
कळप वळला तेव्हा तोही वळला.

आता ओल्द्रिख गुरुवारी येतो.
स्टूल ओढतो, टोपी मांडीवर.
माझा कोणता? विचारतो.
आधी मी दाखवायची : तो बघा, शेपटीला खाच असलेला.
खाच कधीच भरून आली.
तरी बोट दाखवते, कुणाकडेही.
काल म्हणाला, हा नव्हे,
गेल्या गुरुवारी दुसरा दाखवला होतात.
आणि हसला, खोकला येईपर्यंत.

घरची टाकी मोडली का?
नाही म्हणाला. दिवा सातला आपोआप लागतो,
झाडं वाढतायत.
एक गोगलगाय निघाली आहे, कुठून कोण जाणे.
तिच्याबरोबर कोण चालेल ते बघून ठेवा.
घाई नाही.